तुटले, सुटले, टाकले

मराठीत दोन गोष्टी वेगळ्या झाल्या असे सांगायचे, तर त्या आधी कशा जोडलेल्या होत्या हे ठाऊक असावे लागते. दोरी तुटते, कापड फाटते, मडके फुटते, शिवण उसवते, गाठ सुटते, काठी मोडते, सांधा निखळतो. यांतले एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी ठेवले की लहान मूलही हसते. जे ताणलेले आहे ते तुटते, जे विणलेले आहे ते फाटते, ज्याच्या पोटात काही धरून ठेवलेले आहे ते फुटते, जे बांधलेले आहे ते सुटते आणि जे ताठ आहे ते मोडते. माणसामाणसांतल्या संबंधांविषयी बोलताना हीच काटेकोर निवड आपण नकळत करत असतो. मैत्री तुटते, पक्ष फुटतो, ठरलेले लग्न मोडते, नोकरी सुटते. साक्षीदार फुटतो आणि परीक्षेचा पेपरही फुटतो, कारण दोघांनीही काही आत राखून ठेवावे अशी अपेक्षा होती. मैत्री फुटली असे मात्र कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर ऐकणाऱ्याला वाटेल की मैत्री नावाचे एखादे मंडळ होते आणि त्यातले निम्मे सभासद बाहेर पडले.

प्रस्तुत संग्रहातले लेख अशा शब्दांविषयी आहेत. वियोगाचा शब्द म्हटला की आपल्याला प्रथम विरह आठवतो, मग कविता आठवते, आणि शब्दाचे काम भावना व्यक्त करणे एवढेच आहे असे गृहीत धरून आपण पुढे जातो. या प्रस्तावनेत मला त्याच्या उलट बाजूने मांडणी करायची आहे. तुटण्या-सुटण्याचे मराठी शब्द मुळात हिशेबाचे आहेत. संबंध कोणत्या जातीचा होता, तो कोणाच्या हाताने संपला आणि संपल्यावर कोणाचे कोणाकडे काय राहिले, याची नोंद ते ठेवतात. दुःख त्या नोंदीवर मागाहून चढते. आणि नोंद ठेवणारा शब्द नोंद लपवूही शकतो, म्हणून हे शब्द कोण कुठे वापरतो हे पाहण्यासारखे असते.

आधी व्याकरणाची साक्ष काढू. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे, फिटणे-फेडणे या जोड्या सर्वांच्या तोंडात आहेत. अकर्मक रूपात ‘ट’ आणि सकर्मक रूपात ‘ड’ ही योजना अपघाती नाही. संस्कृत-प्राकृतातून येताना अकर्मक धातूतला ‘ट’ द्वित्त झाला, ‘ट्ट’ बनून टिकला. प्रयोजक रूपातला एकेरी ‘ट’ दोन स्वरांमध्ये सापडून मऊ पडला आणि ‘ड’ झाला. दादोबा पांडुरंगांच्या १८३६च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत सकर्मक-अकर्मकाची चर्चा सतत झाली, पण ती वाक्यरचनेच्या अंगाने. बोलणाऱ्याच्या दृष्टीने या एका व्यंजनात एक निवाडा दडलेला आहे. ‘आमचे संबंध तुटले’ म्हणणारा कोणावर ठपका ठेवत नाही. ‘त्यांनी संबंध तोडले’ म्हणताच फिर्याद उभी राहते. मधली एक पायरीही भाषेने ठेवलेली आहे: कप फुटला, माझ्या हातून कप फुटला, मी कप फोडला. दुसऱ्या वाक्यात हात कबूल आहे, हेतू नाकबूल आहे. गंमत अशी की ही मधली पायरी वस्तूंना मिळते, चुकांना मिळते, पण नात्यांना सहसा मिळत नाही. ‘माझ्या हातून मैत्री तुटली’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही कानाला खटकते. नात्याच्या बाबतीत मराठी माणसाला एक तर कोणीच दोषी नको असतो किंवा पूर्ण दोषी हवा असतो, असे अनुमान यावरून काढता येईल. मी ते काढतो, वाचकांनी तपासून पाहावे.

‘मोडणे’ हे क्रियापद या योजनेतून निसटलेले आहे. काठी मोडली आणि काठी मोडून टाकली, दोन्हीकडे धातू तोच. त्यामुळे ‘लग्न मोडले’ या वाक्यात ते आपोआप मोडले की कोणी मोडले, हे व्याकरण सांगत नाही. भूतकाळात कर्ता गाळायची मराठीत मुभा असल्याने वाक्य तसेच लोंबकळत ठेवता येते. ठरलेली सोयरीक फिसकटल्यावर दोन्ही घरे याच वाक्याचा आधार घेतात. कोणत्या घराने नकार दिला हे गावाला ठाऊक असते, पण वाक्य ते बोलत नाही. भाषेतली ही फट दोषाची नाही, सोयीची आहे.

या शब्दांचा अभ्यास आजवर वेगवेगळ्या वाटांनी झाला आणि त्या वाटा एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत. पहिली वाट कोशकारांची. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्याच्यासोबत काम करणाऱ्या पंडितांनी बोलीतला, बाजारातला, जमाबंदीतला शब्दही गोळा केला, म्हणून त्या कोशात संबंध संपवण्याचे शब्द आपल्याला व्यवहाराच्या कपड्यांत भेटतात. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यात वाक्संप्रदायांची भर पडली. आजही कोणता शब्द कशाला लागतो हे पाहायचे तर तोच कोश आधी उघडावा लागतो. दुसरी वाट व्युत्पत्तीची: झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’, टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, आणि अगदी अलीकडे तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश. शब्द कुठून आला हे त्यांनी दाखवले. तो आता काय करतो हा त्यांचा प्रश्न नव्हता. तिसरी वाट शुद्धीची. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवण्याची रीत घालून दिली. सावरकरांनी विसाव्या शतकात तिची चळवळ केली. आणि माधव जूलियन यांनी आधी फार्शी-मराठी कोश सिद्ध करून, मग ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून तिच्या दोन्ही बाजू आपल्याच अंगावर घेतल्या. चौथी वाट समाजशास्त्राची आणि कायद्याची. त्रिं. ना. आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५चा, इरावती कर्वे यांचा नातेसंबंधांवरचा ग्रंथ १९५३चा. या लेखनात जातगंगा, भावकी, माहेर-सासर यांचे व्यवहार आहेत, पण शब्दाकडे शब्द म्हणून पाहणे प्रासंगिक. ना. गो. कालेलकर आणि अशोक केळकर यांनी भाषा आणि संस्कृती यांचा सांधा दाखवून दिला. या संग्रहातल्या लेखकांनी त्याच सांध्यावर बोट ठेवले आहे.

विवाह संपवण्याच्या शब्दांपाशी हा हिशेब सर्वांत ठळक दिसतो, म्हणून तिथे जरा थांबू. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत आणि घटस्फोट हे चार शब्द आज समानार्थी म्हणून शाळेच्या पुस्तकात एका ओळीत बसतील. त्यांची घराणी मात्र वेगळी आहेत. काडीमोड हा पंचांसमोरचा विधी: काडी मोडली की नाते संपले, आणि अनेक जातींत त्यानंतर स्त्रीला पाट लावण्याची वाट मोकळी झाली. सोडचिठ्ठी म्हणजे त्याच गोष्टीचा कागद. आर्थर स्टील याने दख्खनमधल्या जातींच्या रूढींचे जे संकलन १८२७ साली छापले, त्यावरून दिसते की विवाह संपवणे आणि पुन्हा मांडणे ही बहुसंख्य जातींमध्ये रुळलेली गोष्ट होती. ती नव्हती ती ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्यांत. फारकत हा शब्द फारसी-अरबी दप्तरातून आला. ‘फारखती’ म्हणजे देणे चुकते झाल्याचा, दावा उरला नसल्याचा लेख. सावकाराने कुळाला द्यायचा कागद नवराबायकोच्या कामी आला. तिन्ही शब्दांत एक गोष्ट समान आहे: संबंध संपला याची साक्ष आणि पुढच्या व्यवहाराची मोकळीक.

घटस्फोट मात्र मुळात विवाहाचा शब्दच नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतिताला कुळातून तोडण्याचा विधी आहे. तो जिवंत असतानाच नातेवाइकांनी त्याला मेलेला समजून उदकक्रिया करायची आणि दासीने पाण्याने भरलेला घट लाथेने लवंडायचा. त्यानंतर त्याच्याशी बोलणे, बसणे, वारसा, सगळे बंद. हा घटस्फोट. विवाहविच्छेदाची रूढी ज्यांच्यात नव्हती त्यांच्या लेखणीने जेव्हा त्या कल्पनेला प्रतिष्ठित शब्द शोधला, तेव्हा हाताशी आला तो बहिष्काराचा विधी. बडोद्यात सयाजीरावांच्या राजवटीत १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, मुंबई प्रांतात १९४७ साली, आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर आला. शब्द कायद्याचा झाला, वर्तमानपत्राचा झाला, शहराचा झाला. काडीमोड मागे पडली, जरी त्याच कायद्याच्या २९व्या कलमाने रूढीने मिळणारी फारकत शाबूत ठेवली आहे. एक जास्तीची गोष्ट इथे नोंदवतो, कारण ती क्वचित सांगितली जाते: मनुस्मृतीतल्या विधीला परतीची वाट होती. प्रायश्चित्त झाल्यावर नातेवाइकांनी त्याच्यासह स्नान करून पाण्याने भरलेला नवा घट जलाशयात सोडायचा की तो पुन्हा आत. शब्द विवाहाकडे आला तेव्हा ही दुसरी बाजू बरोबर आली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आज घटस्फोट म्हणणाऱ्याच्या मनात ना घट असतो, ना दासी. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. व्युत्पत्तीवरून आजच्या समाजाचे मन वाचणे ही जुनी चूक आहे. हे मान्य करूनच मी सांगतो की माझा आधार मूळ हा नाही, आजचा संसर्ग हा आहे: शब्द आज कोणाच्या शेजारी बसतो. वर्तमानपत्र उघडले तर खऱ्या जोडप्यांसाठी घटस्फोट हा एकच शब्द दिसेल. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे तिन्ही राजकारणाच्या पानावर सुखाने नांदतात. आमदार पक्षाला सोडचिठ्ठी देतो, युतीचा काडीमोड होतो, नेता स्वतःच्याच विधानाशी फारकत घेतो. शिवसेना-भाजपची २५ वर्षांची युती २०१४ साली संपली तेव्हा लिहिणाऱ्यांना संसार, घरोबा आणि काडीमोड हीच शब्दसंपदा सुचली. हे शब्द हसून वापरता येतात, घटस्फोट हसून वापरता येत नाही. ज्या शब्दांत पुढची मोकळीक होती ते आपण पक्षांतराला दिले आणि ज्यात बाहेर काढणे होते तो घरासाठी ठेवला, ही वाटणी आजची आहे, मनूची नाही.

विवाहाभोवती आणखी दोन शब्द आहेत, त्यांना वगळून हा हिशेब पुरा होत नाही. ‘नांदणे’ हे सुखाने राहण्याचे क्रियापद. पण ‘ती नांदत नाही’ हे मराठीतले एक अत्यंत धारदार वाक्य आहे. १८८४ साली दादाजी भिकाजीने रखमाबाईविरुद्ध जो दावा लावला आणि जो १८८७ साली तुरुंगाच्या धमकीपर्यंत पोचला, तो सारा या एका क्रियापदाचा दावा होता. पुरुष नांदत नाही असे म्हणण्याची रीत नाही. दुसरा शब्द ‘टाकलेली’. त्यात तोडणाऱ्याचा हात स्पष्ट आहे, पण ते विशेषण लागते ते जिला टाकले तिला. टाकणाऱ्यासाठी मराठीत नाम नाही. १९८०च्या दशकात महाराष्ट्रातल्या स्त्री-संघटनांनी ‘परित्यक्ता’ हा संस्कृत शब्द पुढे आणला, परिषदा घेतल्या, मोर्चे काढले. टाकलेली ही घरातली कुजबुज होती, परित्यक्ता हा हक्क मागणारा गट झाला. ते यश खरेच होते. त्यानंतर शब्द शासनाच्या अर्जात शिरला: २०२४च्या लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेतही विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार अशा रकान्यांत तो आहे. रकान्यात गेल्यावर त्याचे पूर्वीचे तेज थोडे कमी झाले, असे मला वाटते. आता तो परिस्थितीचे नाव आहे, फिर्यादीचे नाही.

जमिनीचे शब्द याच्या शेजारीच आहेत. भाऊ वेगळे निघतात, चूल वेगळी मांडतात, वाटण्या होतात. अकराव्या-बाराव्या शतकातल्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेपासून एकत्र आणि विभक्त हे कायद्याचे शब्द आहेत, आणि तलाठ्याच्या दप्तरात त्यांना आजही हाडामांसाचे पर्याय आहेत: सामाईक क्षेत्र, पोटहिस्सा, खातेफोड, फाळणी. होय, फाळणी. भूमापनात पोटहिश्श्यांची मोजणी म्हणजे फाळणी, आणि १९४७ साली देशाला जे झाले त्यालाही मराठीने हाच शब्द दिला. जमीन वाटण्याचा शब्द देश वाटण्याला पुरला, कारण मराठी मनाला वाटणी म्हटले की भाऊबंदकी आठवते. त्याच वर्षी मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदाही झाला. शेतजमीन यापेक्षा लहान फोडायची नाही असे सांगणारा कायदा आणि देश फोडणारा कायदा एकाच वर्षीचे आहेत, हा निव्वळ योगायोग. त्यातून काही सिद्ध होत नाही.

या क्षेत्रातला सर्वांत बोलका कागद मात्र हक्कसोडपत्र आहे. वडील वारले की बहिणी भावांच्या नावे तो करून देतात. महाराष्ट्राने १९९४च्या दुरुस्तीने आणि केंद्राने २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, तरी सह्यांची रीत सुरू आहे. कागदावरचे क्रियापद ‘सोडणे’ आहे: सकर्मक, स्वेच्छेचे, ‘ड’कारी. तिने सोडला. तिने सही केली नाही तर काय होईल, याचे घरात चालणारे वाक्य वेगळे असते: ‘माहेर तुटेल.’ इथे क्रियापद अकर्मक, ‘ट’कारी. कोणी तोडणार नाही, ते आपसूक तुटेल. जिथे तिची मर्जी शंकास्पद आहे तिथे भाषा तिला कर्ता बनवते, आणि जिथे भावाची मर्जी उघड आहे तिथे कर्ता गाळते. व्याकरणातल्या एका व्यंजनाचा एवढा मोठा हिशेब मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही. जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी उभा केला, एक लाखाहून अधिक ओव्यांचा, त्यात भाऊ, मुऱ्हाळी आणि माहेरची वाट यांना इतकी जागा का आहे, हे या दोन वाक्यांजवळ ठेवून वाचले पाहिजे.

जातीने तोडण्याच्या शब्दांविषयी थोडक्यात सांगतो, कारण संग्रहात त्यावर विस्ताराने लिहिलेले आहे. ‘वाळीत टाकणे’ यातला वाळणे हा उन्हात वाळण्याचा नव्हे. टाकणे, वर्ज्य करणे या अर्थाचे ते जुने क्रियापद आहे. ग्रामण्य हा त्याचा शहरी, ब्राह्मणी भाऊबंद. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांवर जे प्रकरण शेकले ते ग्रामण्यच. पण ज्यांना आधीच बाहेर ठेवलेले होते त्यांना वाळीत टाकता येत नाही. त्यांच्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४च्या सभेच्या आणि १९२७च्या पाक्षिकाच्या नावात ‘बहिष्कृत’ हा शब्द घेतला आणि त्याचे तोंड उलटे फिरवले. ज्याने बाहेर काढले त्याने हिशेब द्यावा, असा त्याचा रोख झाला. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ साली मंजूर होऊन २०१७मध्ये अमलात आला. कोकणातल्या तक्रारी अजूनही ‘वाळीत’ हाच शब्द घेऊन पोलिसांत जातात.

राजकारणात शब्दाची किंमत थेट कायद्याने ठरते. १९०७च्या सुरत काँग्रेसपासून ‘फूट’ हा इतिहासाच्या पुस्तकातला शब्द आहे. १९८५च्या पक्षांतरबंदीने एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण दिले आणि २००३च्या घटनादुरुस्तीने ते काढून घेतले. त्या दिवसापासून ‘आमची फूट आहे’ असे म्हणणे कायद्याने आत्मघातकी झाले. २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्रातले दोन पक्ष दुभंगले तेव्हा बाहेर पडणाऱ्यांपैकी कोणीही आपण फुटलो असे म्हटले नाही. मूळ पक्ष आम्हीच, असे म्हटले. लोक फूट म्हणत राहिले, वृत्तपत्रे ‘गट’ म्हणत राहिली. विदर्भाचेही असेच: मागणी करणारा ‘वेगळा’ किंवा ‘स्वतंत्र’ म्हणतो, विरोध करणारा ‘महाराष्ट्राचे तुकडे’ म्हणतो. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, तरी १९६० साली निघालेल्या राज्याच्या चळवळीचे नाव ‘संयुक्त’ असल्याने वेगळेपणाची मागणी भाषेतच आधीपासून प्रतिवादीच्या जागी उभी होती.

विरहाकडे मी मुद्दाम उशिरा वळतो. संतांच्या विराण्या, लावणीतला परदेशी गेलेला सखा, यांवर मराठीत पुष्कळ आणि चांगले लिहिलेले आहे. एवढेच म्हणतो की तिथेही हिशेब आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने विप्रलंभ आणि करुण यांच्यात रेघ ओढली ती अपेक्षेवरून: पुन्हा भेटीची आस असेल तर विप्रलंभ, आस संपली की करुण. विरह हा येणे बाकी असलेल्या माणसाचा शब्द आहे. वियोगात ती बाकी बुडते. ताटातूट तिसरीच: तीत दोघांपैकी कोणाचाच हात नसतो, पूर, युद्ध, बदली, गर्दी असे बाहेरचे काही मध्ये येते.

दुसरा आक्षेप भाषाप्रेमी घेतील: ब्रेकअप, डिस्कनेक्ट, ब्लॉक यांनी ही सारी श्रीमंती बुडवली, त्याचे काय? मला हा शोक अर्धाच पटतो. ब्रेकअपला मराठी शब्द नाही, कारण ब्रेकअप ज्याचा होतो त्या संबंधाला मराठी समाजात अलीकडेपर्यंत मान्य नाव नव्हते. काडीमोडीला लग्न लागते, ताटातुटीला बाहेरचा अडथळा लागतो, प्रेमभंगात एकाचाच भंग होतो. दोघांनी मिळून, कोणाला जाब न देता, नाव नसलेले नाते संपवणे ही गोष्ट नवी आहे. तिच्यासाठी आलेला शब्द उपरा असला तरी रिकाम्या खोलीत राहायला आलेला आहे. मराठीची झीज मला दुसरीकडे दिसते, आणि ती इंग्रजीने केलेली नाही. ‘लाइट गेली’ म्हणतो तेव्हा बिघाड असतो. ‘लाइट तोडली’ म्हणतो तेव्हा बिल थकलेले असते आणि तोडणारा माणूस शिडी घेऊन आलेला असतो. ‘पुरवठा खंडित करण्यात आला आहे’ या वाक्यात दोन्ही मिटतात. भाषा संचालनालयाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६०पासून, प्रशासनाच्या मराठीने जे कमावले ते थोडे नाही; पण कर्ता पुसणारी ही ‘करण्यात येते’ शैली त्याच कमाईबरोबर आली. २०२०च्या साथीत विलगीकरण आणि अलगीकरण असे दोन शब्द शासनाने वेगळ्या अर्थांनी चालवले. रुग्णाच्या घरच्यांना त्यांतला फरक कळला नाही. त्यांनी ‘उचलून नेले’ म्हटले, आणि त्यात निदान नेणारा कोणीतरी होता.

तिसरा आक्षेप तुलनेचा. तुटणे-तोडणे हिंदीतही आहे, गुजरातीतही. मग मराठीचे असे काय? ट-ड ही जोडी मराठीची मिरास नाही, हे उघडच आहे. वेगळी आहे ती वापराची वाटणी. मराठीत शाळा सुटते, गाडी सुटते, वारा सुटतो, नोकरी सुटते, कैदी सुटतो, आणि फार भोगलेला माणूस गेला की शेजारी हळूच म्हणतात, ‘सुटला.’ रजा, प्रवास, आपत्ती, मुक्ती आणि मृत्यू एकाच क्रियापदाने सांगणारी ही भाषा सुटण्याला मुळात वाईट मानत नाही. तुटणे तिला सोसत नाही. या दोहोंमधले अंतर प्रत्येक भाषेत इतकेच असते का, हे तौलनिक अभ्यासकांनी सांगावे. आमच्या लेखकांनी ते काम अंगावर घेतलेले नाही.

संग्रहाने काय केले आहे, तेही सांगायला हवे. लेखांचा क्रम वर्णानुक्रमाने लावलेला नाही. विषयवार विभागही नाहीत. प्रत्येक लेख एका क्रियापदाभोवती आहे आणि ते क्रियापद घर, शेत, बाजार, कचेरी, देऊळ यांतून जिथे जिथे हिंडते तिथे लेखक त्याच्या मागे गेला आहे. त्यामुळे ‘सोडणे’ वाचताना हक्कसोडपत्रानंतर लगेच उपास सोडणे येते, आणि ‘फेडणे’ वाचताना कर्जानंतर नवस. वाचकाला ही उडी प्रथम खटकेल. मृत्यूचे शब्द आम्ही घेतलेले नाहीत. त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. कोंकणी आणि अहिराणी यांतली उदाहरणे जिथे लेखकाला ती भाषा घरची आहे तिथेच आहेत. वऱ्हाडी आणि मालवणी जास्त आहेत, चंदगडी आणि झाडीबोली कमी, आणि हे असमान प्रमाण लेखक कोठले मिळाले यावरून ठरले आहे, त्यामागे दुसरे तत्त्व नाही. बेळगाव-कारवारच्या सीमाभागातल्या मराठीवरचा लेख सर्वांत लांब आहे. तिथे कचेरीचा कागद कन्नडमध्ये येतो आणि भांडण मराठीत होते, त्यामुळे वाटणी, फोड, सोड हे शब्द दोन दप्तरांमध्ये रोज ये-जा करतात. त्या लेखातली उदाहरणे छाटून तो इतरांच्या मापाचा करावा अशी सूचना आली होती. ती मी मानली नाही.